साहेबांचा पासवर्ड

"तेवढी एक नोंद माझ्यासाठी उघडी ठेवा," संचालक म्हणाले. दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं होतं.

टेबलापलीकडे बसलेल्या बाईंनी मान वर केली. नागरिक नोंदणीच्या या कार्यालयात कोणी कोणती माहिती पाहायची, याची घडी बसवायला त्यांना इथे आणलं होतं. मोडायला मुळात घडीच नव्हती. सगळं कार्यालय संचालकसाहेबांच्या एकाच पासवर्डवर चालायचं. कारकुनापासून शिपायापर्यंत तो सगळ्यांना तोंडपाठ. बदली होऊन गेलेलेसुद्धा घरबसल्या आत डोकावायचे.

मग एका स्त्रीचा पत्ता बाहेर फुटला. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून ती लपून राहत होती. एका दुपारी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजारी धावले म्हणून ती वाचली. पत्ता कोणी पाहिला याचा शोध घेतला, तेव्हा संगणकाने एकच नाव दाखवलं. संचालक. म्हणजे कोणीही.

बाई तेव्हापासून नव्या नियमांसाठी हात धुऊन मागे लागल्या होत्या. प्रत्येकाचा स्वतःचा पासवर्ड. कामापुरतीच माहिती. माणूस जागेवरून हलला की त्याचं दार त्याच दिवशी बंद. आणि आपली नोंद कोणी उघडली, हे विचारण्याचा हक्क ज्याची नोंद त्याला.

"आम्ही काय चोर आहोत का?" हेडक्लार्कने विचारलं होतं.

"नाही ना? मग तुमच्यावर आळ तरी का यावा?" बाई म्हणाल्या होत्या. तो पुटपुटत गेला, पण दुसऱ्या दिवशी पासवर्ड घ्यायला रांगेत पहिला उभा होता.

आता फक्त साहेबांची सही राहिली होती. त्या सहीनंतर साहेबांनाही सगळं दिसणार नव्हतं.

"कोणाची नोंद?" बाईंनी विचारलं.

"मुलीची." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "घर सोडून गेली. कुठे राहते ते सांगितलं नाही. मी रोज सकाळी तिची नोंद उघडतो. घर बदललं की कळतं. नातू झाला, तेही मला तिथेच कळलं."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला कळावं असं तिला वाटतं का, साहेब?"

"मी काय तिच्या जिवावर उठलोय? बाप आहे मी तिचा."

"तो माणूसही हेच म्हणाला होता. नवरा आहे मी तिचा."

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. आपली बदली आता ठरलीच, असं बाईंना वाटलं. पण बोलायचं ते त्यांनी अर्ध्यावर सोडलं नाही. "आणि मुलीने येऊन विचारलं, तर मला तुमचं नाव सांगावं लागेल."

साहेबांनी कागद ओढला आणि सही केली.

"सांगा," ते म्हणाले. उठताना त्यांनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला.

काही महिन्यांनी एक तरुणी चौकशीच्या खिडकीशी आली. कडेवर मूल होतं. नव्या नियमाबद्दल तिने कुठेतरी वाचलं होतं. आपली नोंद कोणी पाहिली, ते तिला हवं होतं. बाईंनी नोंद काढली आणि तिला आत बोलावून खुर्ची दिली. आढेवेढे घेतले नाहीत.

"तुमचे वडील. रोज बघायचे."

तरुणी कडवट हसली. "वाटलंच होतं. माझी पत्रं आधी ते फोडायचे. फोन आला की शेजारी येऊन उभे राहायचे. काळजीपोटी, म्हणायचे." तिने मुलाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "अजून बघतात?"

"नाही. नियम झाल्यापासून एकदाही नाही."

"बघत नाहीत की बघता येत नाही?"

"बघता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण त्या नियमावर सही त्यांची आहे. तुम्ही विचारलंत तर नाव सांगा, हेही त्यांनीच सांगितलंय."

मुलाने टेबलावरचा रबरी शिक्का तोंडात घातला. तिने तो काढून घेतला, पदराने पुसला, जागेवर ठेवला. मग मुलाला कडेवर घेऊन ती उठली. दाराशी जाऊन थांबली.

"ते कुठल्या खोलीत बसतात?" तिने विचारलं. "माझा पत्ता मीच त्यांना सांगते."