कोरी ठेवलेली खुर्ची

"बाई, तुमच्या चित्रात कोण नाहीये?"

पहिल्या बाकावरच्या आगाऊ मुलीने विचारलं आणि चित्रकलेच्या बाईंचा ब्रश हातातच राहिला. विषय त्यांनीच दिला होता. महिनाभर त्या वर्गाला अशी चित्रं दाखवत होत्या, ज्यांत माणसांना वेगळं बसवलंय, वेगळ्या दाराने आत घेतलंय, रांगेतून हाकललंय. "चित्रात कोण आहे ते कुणीही सांगेल. कुणाला बाहेर ठेवलंय ते शोधा," हे त्यांचं पालुपद. आता मुलांनी आपापल्या घरचं जेवणाचं टेबल रंगवायचं होतं आणि जो तिथे बसत नाही त्याची जागा कोरी सोडायची होती. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदाचाच पांढरा वाचवतात. एकदा त्यावरून ब्रश फिरला की गेला तो.

मुलांनी कमाल केली. कुणी कामाच्या मावशींना कोरं ठेवलं, कुणी व्हीलचेअरवरच्या काकाला. एका महाभागाने अख्खा कागद कोरा दिला आणि वर साळसूदपणे म्हणाला, "आमच्या घरात कुणालाच किंमत नाही."

बाईंच्या चित्रात लहानपणीचं टेबल होतं. बाबा, त्यांच्या शेजारी त्या स्वतः, समोर आई. दाराकडची खुर्ची कोरी होती.

"माझी ताई," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे दोन शब्द मोठ्याने उच्चारायची त्यांची पहिलीच वेळ.

ताईने लग्न केलं तो मुलगा 'आपल्यातला' नव्हता. बाबांनी दार लावलं ते लावलंच. आई तिची वाट बघतच वारली. बाई चोरून फोन करायच्या, 'ये ना गं' म्हणायच्या. ताईचं उत्तर ठरलेलं: "बाबांनी बोलावलं तर धावत येईन." आता बाबा थकले होते. ताई एकदा या घरात जेवायला बसलेली बघावी, याखेरीज बाईंना काही म्हणजे काही नको होतं. पण बाबांपुढे विषय काढायची हिंमत नव्हती. वर्गात मात्र त्या माणसाच्या हक्कांवर तासभर बोलत.

शाळेत चित्रांचं प्रदर्शन लागलं. बाईंनी धीर करून बाबांना आणलं आणि स्वतःच्या चित्रासमोर उभं केलं. बाबा काठीवर रेलून बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साफ चुकलंय," बाबा म्हणाले.

"बाबा, मला एवढंच म्हणायचं होतं..."

"माझ्या शेजारी ती बसायची. दाराकडे तू. अर्धं जेवण टाकून खेळायला पळायचीस."

"नाही हो. तुमच्या शेजारी मीच..."

"वाद घालू नकोस," बाबांचा आवाज कापत होता. "लाव फोन. तिलाच विचारू."