बोटाच्या पेराएवढा पंजा

निशिगंधाने थ्रीडी प्रिंटरचं झाकण उघडलं. आत कृत्रिम पंजा तयार होता, पण बोटाच्या पेराएवढा.

"ताई, हा माझ्या ओजलचा?" मुलीच्या आईने विचारलं.

"माझी चूक. ड्रॉइंग सेंटिमीटरमध्ये होतं. प्रिंटरला चालणाऱ्या फाइलमध्ये बदलताना आकडे तेवढे गेले, एकक मागे राहिलं. मशीनने मिलिमीटर धरले."

एकक निवडा, असं स्क्रीनवर आलं होतं.

निवडलं नव्हतं.

तसं मापही अंदाजाचंच होतं. जन्मापासून उजवा पंजा नसलेली ओजल कुणाला बाही वर करू देत नसे. आत्ताही ती आईमागे उभी होती, काखेत बाहुली घेऊन. बाहुलीचा उजवा पंजा तिने स्वतःच कापला होता, आपल्यासारखी दिसावी म्हणून.

ती पुढे आली. तिने तो चिमुकला पंजा उचलून बाहुलीच्या मनगटावर चढवला. बसला.

ओजल बाहुलीकडे बघत राहिली. मग तिने उजवी बाही कोपरापर्यंत वर ओढली आणि हात टेबलावर ठेवला.

"मावशी, आता माझं माप घ्या," ती म्हणाली. "आणि ते सेंटिमीटर विसरू नका."