कपाटाला न पटलेली दर्शना

हॉस्टेलच्या कपाटाने दर्शनाला तिसऱ्यांदा हुंगलं आणि पुन्हा तेच सांगितलं, "ही दर्शना नाही."

"मेल्या, सुट्टीला जाताना मीच ठेवलं ना सामान तुझ्यात," तिने दारावर थाप मारली. उद्या प्रॅक्टिकल होतं आणि जर्नल आत अडकलं होतं.

राखणदार शेवंतामावशीने तिला जवळ ओढून वास घेतला. "घरी काय खाल्लंस गं एवढं?"

"सुकट, बांगडा. आई ऐकते होय?"

"मग कसं ओळखंल ते? त्याला मेसच्या डाळीची दर्शना ठावं. आज डाळ ढोस पोटभर, सकाळी घासून अंघोळ कर. जाईल वास, उघडंल कपाट."

दर्शनाने स्वतःचे तळहात नाकाशी धरले. मग ती मैत्रिणीचं जर्नल मागून आणून पहिल्या पानापासून लिहायला बसली. मेसमध्ये गेलीच नाही.