बिनचोचीचे मोर

नवागामच्या कारखान्यात नक्षी ठरवणारा भोकांचा पुठ्ठा फाटला आणि उखाच्या मागावर उतरलेल्या नायलॉनच्या साडीवर काठाचे सगळे मोर बिनचोचीचे निघाले. पुठ्ठा जुना झालाय, बदला, असं उखा महिनाभर सांगत होता. तरी शेठने ती साडी सगळ्या कारागिरांसमोर नाचवली. "ऐसी साडी कौन पहनेगी? भिखारन भी नहीं पहनेगी!" त्याच दिवशी त्याने ती साडी मातीमोलाने विकून टाकली आणि उखाला घरी बसवलं.

वर्षभराने, बहात्तर साली, शेजारचे सुधाकर मास्तर उखाला ऐतिहासिक सिनेमाला घेऊन गेले. मास्तरांना असे सिनेमे भारी आवडायचे, आणि त्यातले पोशाख कसे चुकलेत हे सांगायला तर त्याहून आवडायचं. महाराणी सिंहासनावर बसली, तिचा पदर पडदाभर पसरला, आणि मास्तर खुर्चीतून उसळलेच.

"अरे, तीनशे वर्षांपूर्वी नायलॉन? तेही पाचवारी? आणि हे मोर बघ, एकालाही चोच नाही! कुठल्या गाढवाने हिला ही साडी नेसवली?"

आजूबाजूचे लोक खो खो हसले, मास्तरही हसले. उखा मात्र ताडकन उठून उभा राहिला.

"हसू नका, मास्तर. हाई साडी मी विणेल शे!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे कारागीर बघत असताना, तो जुन्या कारखान्यात शिरला आणि त्याने शेठच्या गादीवर सिनेमाचं तिकीट ठेवलं.



"जाओ शेठ, देखके आओ किसने पहनी है."