पाळण्याच्या फाटकावर

सकाळी पार्कात शिरताना कॅमेऱ्यानं द्वारकाबाईंचा चेहरा नोंदवून घेतला होता. उंच पाळण्यात कवळी निसटेल या धास्तीनं त्यांनी ती गुपचूप रुमालात बांधली, आणि आता पाळण्याच्या फाटकावरचा कॅमेरा त्यांना ओळखेना.

“आजी, तोंडावरचा पदर काढा,” फाटकावरची मुलगी म्हणाली. काढला, तरी दिवा लालच.

मागे विहीणबाई उभ्या होत्या. लेकीच्या लग्नात विहिणींची पंगत उठल्यावर याच बाईंना द्वारकाबाईंनी दातांनी अख्खी सुपारी फोडून दाखवली होती.

“तुम्ही व्हा पुढं. मला नाही बसायचं,” त्या पुटपुटल्या.

विहीणबाईंनी त्यांच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं आणि आपला पदर पसरून आडोसा धरला.

“लावा सावकाश. मी माझी पाळण्यात बसल्यावर काढते.”