गव्हाची होडी

धरणातल्या बेटावर दोनशे सात चितळं होती आणि चारा साठांपुरताच. वनखात्याची पशुवैद्य मृण्मयीने दोनदा मोजणी केली होती. काही चितळं गोळी घालून कमी करावीत, ही तिची शिफारस साहेबांनी नियमावर बोट ठेवून फेटाळली. पण बातमी गावात फुटलीच.

दुसऱ्या सकाळी गव्हाची पोती भरून सगुणाकाकूंची होडी बेटाकडे निघाली.

"काकू, नका घालू! उपाशी हरणं एकदम गहू खाऊन पोट फुगून मरतील," मृण्मयी काठावरून ओरडली.

"अन् तुमची गोळी बरी पचती त्यांना, मॅडम?"

काकूंच्या उत्तराने होडीत हशा पिकला.

चितळं पाण्यापर्यंत धावत आली. सर्वांत पुढे एक गाभण मादी होती. तिला खाताना पाहून काकूंनी हात जोडले.

तिसऱ्या दिवशी मृण्मयीने त्याच मादीचं शवविच्छेदन केलं. पोटात साडेतीन किलो गहू निघाला. पाडसाचं वजन एक किलो आठशे ग्रॅम भरलं.