पोटाखालचा पत्रा

शिशिर स्वतः घडवलेला पत्रा बसवत गाडीखाली आडवा होता आणि अपर्णा दीदी चक्क फरशीवर बसून त्याचं ऐकत होती. देवीदास बाजूला पाना पुसत उभा होता. पुसायला त्या पान्यावर काहीच नव्हतं.

"दीदी, गाडीच्या पोटाखालचा हा पत्रा सपाट असला की हवा सरसर पळते," शिशिरचा आवाज आला. "ती हवा ह्या फटींतून रेडिएटरची गरम हवा खाली ओढून घेते. गाडी पळाली की इंजिन थंड राहते."

"आणि फटी नसल्या तर?"

"मग गरम हवा आतच कोंडते. उकळलंच समजा."

अपर्णा हसली. रायपूरच्या चौबे कॉलोनीतली ही पोट्टी शर्यतीत गाड्या पळवायची. तिची टीम आता कोइम्बतूरच्या शर्यतीला निघाली होती आणि गुढियारीच्या ह्या गॅरेजातून ती एक मिस्त्री सोबत नेणार होती. एकच.

शिशिरला पाना धरायला देवीदासनंच शिकवलं होतं. आता गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "शिशिर भैया हैं क्या?" घरी बायको, सरितासुद्धा डबा भरताना पातोडीची वेगळी डबी द्यायची. "शिशिरभाऊले आवडते." ती डबी गॅरेजपर्यंत नेताना देवीदासच्या जिवाची लाही व्हायची.

चाचणीच्या दिवशी सकाळी शिशिर कूलंट आणायला बाजारात गेला. देवीदास गाडीखाली सरकला. फटींवर आतल्या अंगानं काळ्या पट्ट्या बसवल्या, रिव्हेट ठोकले. उभ्या गाडीत काही कळणार नव्हतं, पंखा सांभाळून घेणार होता. बाहेर येऊन त्यानं हात धुतले. मग पुन्हा धुतले.

नवा रायपूरच्या पलीकडे, परवानगी काढून बंद केलेल्या सडकेवर गाडी सुटली. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत बोनेटातून वाफेचा लोट उठला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

शिशिर धावत पोचला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दीदी, बसवताना मीच चुकलो असंन. पत्र्याचा दोष नाही," तो म्हणाला आणि पाणी आणायला पळाला.

देवीदास हळूच जवळ आला.

"बोलू नये दीदी, पण दोष पत्र्याचाच आहे. मले तर पहिल्याच दिवशी वाटलं होतं."

"मग बोलला काहून नाही, भैया?"

"मले विचारते कोण? त्याचंच कौतुक चालून राहिलं होतं." त्यानं आवाज आणखी उतरवला. "ज्याच्या डोक्यातून हा पत्रा निघाला, त्याले हवेतलं काही कळत नाही. असा माणूस सोबत नेलात तर एक दिवस तुमच्या जिवावर बेतंल."

"नक्की?"

"मायची आन."

अपर्णानं हातमोजे काढले.

"कमाल आहे, देवीदास भैया. काल शिशिर घरी आला होता. म्हणाला, पत्र्यामागचं डोकं देवीदासभाऊंचं, माझे फक्त हात, टीममध्ये त्यांनाच घ्या. आणि मी हो म्हणूनही टाकलं होतं."